बसतं ते जुळतंच असं नाही

खोका इटलीहून आला तेव्हा जुलै चालू होता. आरे कॉलनीतल्या एका तबेल्यामागे, पूर्वी कडबा रचायच्या शेडमध्ये आमचं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि पलीकडे म्हशींची दुपारची धार चालली होती. मेस्त्रींनी खोका उघडला. आत तेलकट कागदात गुंडाळलेले चार पिस्टन आणि रिंगांची चार पाकिटं. मी खूश होतो. 'फियाट ११०० डी' अशी स्वच्छ नोंद करून, दोन महिने वाट पाहून मागवलेला माल होता तो.

मेस्त्रींनी एक पिस्टन पुसला, पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर ठेवला आणि हात काढून घेतला. पातेल्यावर झाकण बसावं तसा तो वरच बसून राहिला.

"साहेब, हा आत जायचा नाही. बोअर मारूनसुद्धा नाही."

मायक्रोमीटर लावला. पिस्टन जेमतेम ७२ मिलिमीटरचा. आमचा सिलिंडर ६८ चा. चार मिलिमीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर भिंत खरवडायची. तेवढी खरवडली तर सिलिंडर आणि पाण्याची पोकळी यांच्यामध्ये काय उरेल याचा भरवसा नव्हता. दुकानदाराने बरोबर माल पाठवला होता. चूक माझीच होती. मी नाव सांगून पार्ट मागवला होता, माप सांगून नव्हे.

या नावाची गोष्ट आरेपासून फार लांबची नाही. पवईच्या बाजूने उतरलं की कुर्ला. तिथे लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आज त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, नंतर फियाटशी संबंध जुळला, आणि १९६४ पासून कुर्ल्यात जी गाडी निघू लागली तिचं नाव फियाट ११०० डी, म्हणजे लोकांची 'डिलाइट'. १९७४ साली तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईकरांनी मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटलं. काळी-पिवळी म्हणजे फियाट, एवढं साधं समीकरण होतं.

इटलीत १९६२ साली जी ११०० डी आली तिच्या पोटात १२२१ सीसीचं इंजिन होतं. बोअर ७२, स्ट्रोक ७५. आपल्याकडच्या डी मध्ये राहिलं जुनं १०८९ सीसीचं. बोअर ६८, स्ट्रोक तोच ७५. पत्रा एक, नाव एक, पोटातलं यंत्र वेगळं. कॅटलॉग इटलीत छापलेला, गाडी कुर्ल्यात झालेली, आणि मधे माझ्यासारखा हौशी माणूस.

कंपनीच्या नावानेही अशीच फसगत होते. प्रीमियरचीच ११८ एनई ऐंशीच्या दशकात आली. तिचं शरीर फियाट १२४ चं आणि इंजिन निस्सानच्या ए-१२ घराण्यातलं. बोअर ७३, स्ट्रोक ७०, म्हणजे ११७१ सीसी. क्रँकला पाच मेन बेअरिंग. पद्मिनीच्या क्रँकला तीनच. बॉनेटवर एकच कंपनी असली तरी एकीच्या इंजिनातलं दुसरीच्या इंजिनात काही चालत नाही.

जुनी मोटर बांधणाऱ्याला हा पहिला धडा मिळतो, आणि बहुतेकांना तो माझ्यासारखाच पैसे भरून मिळतो. पण खरा गोंधळ याच्या पुढे आहे. समजा माप बरोबर आहे, नावही बरोबर आहे, पार्ट आत सरळ जातो, बोल्ट लागतात. तरीही तो त्या इंजिनाचा असेलच असं नाही.

१९०८ साली लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एक प्रयोग झाला. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने एक-सिलिंडरच्या तीन कॅडिलॅक गाड्या घेतल्या, त्यांचा नटबोल्टपर्यंत भुगा केला, तिन्हींचे भाग एकत्र मिसळले, काही भाग तर बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातले सुटे भाग टाकले, आणि साध्या हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या बांधायला लावल्या. कानस मारून पार्ट बसवायचा नाही, ही अट. तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या आणि ट्रॅकवर पाचशे मैल धावल्या. त्या काळी हे जादूसारखं वाटलं, कारण तोवर गाडीचा प्रत्येक भाग कारागीर त्याच गाडीवर घासून बसवत असे. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर ट्रॉफी मिळाली. आज आपण दुकानात जाऊन 'पद्मिनीचा वॉटर पंप द्या' म्हणू शकतो, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

फक्त एक लक्षात ठेवायचं. त्या तिन्ही गाड्या नव्या होत्या. नवे भाग कुठेही नांदतात. पन्नास वर्षं चाललेल्या इंजिनात प्रत्येक भाग शेजाऱ्याप्रमाणे झिजलेला असतो, आणि ती झीज कॅटलॉगमध्ये नसते.

आता आमच्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड घ्या. रॉडचं खालचं टोक क्रँकला धरतं. त्याचे दोन भाग असतात, रॉड आणि त्याची कॅप. कारखान्यात कॅप रॉडला बोल्टने आवळून मग ते भोक कापतात. म्हणून ते गोल असतं ते त्या जोडीपुरतं. दुसऱ्या रॉडची कॅप लावली तर बोल्ट बसतात, टॉर्क रेंच टक् करतो, आणि भोक गोल राहत नाही. रॉडच्या आणि कॅपच्या बगलेवर सांध्यालगत आकडे ठोकलेले असतात ते याचसाठी.

आमच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडचे आकडे कुणीतरी कधीतरी कानशीने पुसले होते. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटून सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग माझा हात धरून माझं नख फिरवलं. सांध्यावर अगदी बारीक पायरी लागत होती, केसाइतकी. कॅपा अदलाबदल करून पुन्हा आवळल्या. नख सरळ गेलं.

"आधीच्याने टाकल्या असतील उलट्या," ते म्हणाले. "गाडी चालली. वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालली पण असेल. म्हणून काय बरोबर होती?"

मेन बेअरिंगच्या तीन कॅपांचं तेच, किंबहुना जास्तच. त्या ब्लॉकवर आवळून तिन्ही भोकं एका रेषेत कापलेली असतात. भंगारात ब्लॉक चांगला मिळाला, कॅपा मात्र दुसऱ्या ब्लॉकच्या, अशी खरेदी करू नये. त्या ब्लॉकवर पुन्हा लाइन बोरिंग करावं लागतं, नाहीतर क्रँक वाकड्या रांगेत फिरत राहतो.

कॅमशाफ्ट आणि त्याच्यावर बसणारे आठ टॅपेट हीसुद्धा अशीच जुनी संसारी मंडळी. टॅपेटचं तोंड दिसायला सपाट, पण चालता चालता ते आपल्या कॅमच्या लोबप्रमाणे घासलं जातं. जुने टॅपेट जुन्याच जागी परत गेले तर ठीक. जागा बदलल्या, किंवा नव्या कॅमवर जुने टॅपेट ठेवले, तर थोड्याच दिवसांत दोघेही चाटले जातात. म्हणून इंजिन सोडताना मेस्त्री अंड्यांचा ट्रे पुढ्यात घेऊन बसले होते. एका ओळीत टॅपेट, दुसरीत पुशरॉड, खाली खडूने नंबर. दूध घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलंदेखील, अंडी कशाला काळी केलीत म्हणून.

पिस्टनची खरेदी अर्थातच पुन्हा झाली, या वेळी मुंबईतच. आमचा ब्लॉक तपासला तर सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजलेले आणि किंचित लंबगोल झालेले. म्हणजे बोअर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे. इथे उलट्या क्रमाने काम करणारे फार. आधी बोअर मारून आणतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. आधी पिस्टन हातात हवेत. बोरिंगवाल्याला तेच द्यायचे आणि सांगायचं, यांच्या मापाने कर.

माप घेणं हीही कला आहे, कारण पिस्टन गोल नसतो. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दट्ट्या' म्हणतात आणि चित्रात तो डब्यासारखा दाखवतात. खरा पिस्टन वर किंचित निमुळता आणि आडव्या छेदात किंचित लंबगोल असतो. थंड असताना वाकडा, तापल्यावर सरळ. कारण अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६८ मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की साधारण ०.१४ मिलिमीटर वाढतो. सिलिंडरची भिंत तेवढीच तापली तरी त्याच्या निम्मीच पसरते. मधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. ती कमी पडली तर पिस्टन जॅम, जास्त झाली तर सकाळी गाडी चालू करताना टकटक. म्हणून पिस्टनचं माप स्कर्टवर, पिनच्या काटकोनात घ्यायचं. पिनच्या दिशेने घेतलंत तर आकडा लहान येतो आणि बोरिंगवाला त्या लहान आकड्यावर बोअर करून मोकळा होतो.

आता 'थाऊ'चं प्रकरण. मुंबईतल्या लेथवर आजही इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ हेच चलन. 'वीस थाऊचा पिस्टन' म्हणजे ०.५०८ मिलिमीटर मोठा. पण फियाट ही मेट्रिक गाडी. खोक्यावर कधी ०.५० लिहिलेलं असतं, कधी ०२०. दुकानदार दोन्हीला 'वीसचा' म्हणतो. दोघांत फरक आठ मायक्रॉनचा. ऐकायला काहीच नाही, पण जिथे एकूण फटच चाळीस-पन्नास मायक्रॉनची तिथे आठ म्हणजे सहावा हिस्सा.

आणखी एक गंमत. पिस्टनच्या खोक्यावरचा वीस आणि बेअरिंगच्या खोक्यावरचा वीस एकमेकांच्या उलटे असतात. सिलिंडर झिजला की मोठा करतात, म्हणून पिस्टन जाडा. क्रँकचा जर्नल झिजला की घासून बारीक करतात, म्हणून बेअरिंगचा पत्रा जाडा. बेअरिंगच्या पाठीवर आकडा उमटवलेला असतो. जुनं बेअरिंग काढलं की आधी त्याची पाठ वाचायची. मागच्या माणसाने काय केलं याचा तोच एक कागद.

रिंगा शेवटी येतात, पण मला सगळ्यात आवडतं ते काम त्यांचंच. रिंग पूर्ण वर्तुळ नसते, तिला एक चिरा असतो. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून त्याने ती खाली ढकलायची म्हणजे ती आडवी सरळ बसते, आणि चिऱ्यात फिलर गेजची पाती घालून बघायची. इंचाच्या बोअरमागे तीन-चार थाऊ हा जुना हिशेब. आमच्या बोअरला दहाच्या आसपास. पहिल्या रिंगेत आठची पाती गेली, दहाची अडली. मेस्त्रींनी बारीक कानस शेगड्यात धरली आणि रिंगेचं टोक तिच्यावरून फक्त एकाच दिशेने, बाहेरून आत, तीनदा ओढलं. पुन्हा आत सोडली. दहाची पाती गेली, पण किंचित ओढ लागून. बारा रिंगांना दुपार गेली. हा चिरा कमी पडला तर तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग तुटते. पाकिटावर 'रेडी टू फिट' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

पिस्टन आणि रॉड आम्ही सराफाकडे असतो तसल्या काट्यावर तोलले. चारही पिस्टन एकाच सेटचे, तरी सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्यात सात ग्रॅमची तफावत. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला एकशे साठ वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. त्या वळणावर दहा ग्रॅम जादा वजन दहा-बारा किलोसारखं ओढतं. जड पिस्टनच्या आतल्या बाजूने, पिनच्या उंचवट्याखालून थोडं थोडं काढत सगळे एकसारखे केले. लहान काम, पण हातातल्या स्टिअरिंगला ते कळतं.

या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. एकदा कधी गाडी तापली की हेड वाकतं, आणि वाकलं की फेसिंग मारतात. पद्मिनीच्या जन्मात हे दोन-तीनदा झालेलं असतं, आणि प्रत्येक वेळी ज्वलनाची जागा लहान झालेली असते. आम्ही हेड उलटं ठेवलं, तोंडावर ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची जाड पाटी चिकटवली आणि ब्युरेटने त्या भोकातून रॉकेलचे थेंब सोडत गेलो, बुडबुडा नाहीसा होईपर्यंत. चार चेंबर, चार आकडे. हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरमध्ये पिस्टन २७२ सीसी हवा सारतो. वर समजा ४० सीसी जागा उरते, तर कॉम्प्रेशन ७.८. हेड आणखी एक मिलिमीटर घासलं आणि जागा साडेतीन सीसीने घटली, तर तेच ८.४ च्या वर जातं. चढावर इंजिन ठोकू लागतं आणि माणूस इग्निशनला दोष देत बसतो. शिवाय हेड खाली आलं की पुशरॉड तेवढेच लांब ठरतात, टॅपेटची फट खातात, रॉकरचा कोन बदलतो. एकाला हात लावला की चौघांना कळवावं लागतं.

हे मोजमाप चालू असताना मला राहून राहून दारा खुरोडी आठवत होते. आरेची दूध वसाहत १९४९ साली उभी करणारे हेच. शहरातले तबेले बाहेर काढून म्हशी इथे आणल्या, आणि टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांचीच. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर अशा मापाने घालायची की स्निग्धांश उतरावा पण दूध दूधच राहावं. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नुसतं पाणी घालणं आणि मापाने पाणी घालणं यातला फरक आरेला मेस्त्रींच्या आधीपासून ठाऊक आहे.

पार्ट मिळतात कुठे? जुने, गाडीतून काढलेले हवे असतील तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. नव्या मालासाठी ऑपेरा हाउसची दुकानं. कार्ब्युरेटरचं एखादं अडलेलं झाकण चोरबाजारातही सापडतं. पण खरी गोष्ट अशी की या गाडीचे पार्ट इतकी वर्षं सहज मिळत राहिले ते हौशी लोकांमुळे नव्हे, टॅक्सीवाल्यांमुळे. रोज धावणारी गाडी रोज काहीतरी मागते, म्हणून कारखाने पार्ट पाडत राहतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, तिचे दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये भरले. तेव्हापासून दुकानातली खोकी पुन्हा भरली जात नाहीत. जे मिळतं त्यात जुना पडून राहिलेला चांगला माल थोडा आणि 'कंपनीच्याच तोडीचा' बराच.

टॅक्सीतून निघालेल्या हेडबद्दल एक सावधगिरी. बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालल्या. गॅस कोरडा, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटा लवकर खचतात. शिवाय पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं सीटांना सांभाळत असे, तेही २००० सालापासून गेलं. म्हणून हेड घेताना व्हॉल्व्ह किती आत बुडालाय ते बघायचं आणि शंका असेल तर कडक सीटा बसवायच्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, तेव्हा पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्यायच्या. जुन्या स्टॉकचा 'ओरिजिनल' पडदा इथे नव्या डुप्लिकेटपेक्षा वाईट ठरू शकतो. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो, हे लोक विसरतात आणि मग विकताना आठवतं.

आरेच्या पावसाने एक शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. होनिंग करून आणलेला ब्लॉक संध्याकाळी झाकून ठेवला. सकाळी पाहिलं तर सिलिंडरवर तांबूस झाक. एका रात्रीत. पुन्हा पुसून, इंजिन ऑइल चोळून, प्लास्टिकमध्ये बांधला. बेअरिंग बसवायच्या दिवशी मेस्त्रींनी तबेल्यात जाऊन सांगितलं, आज दुपारपर्यंत कडबा झाडू नका. तुसाचा एक कण बेअरिंगखाली गेला तर सगळी मोजमापं फुकट. तबेलेवाल्याने मान डोलावली आणि म्हशींना हिरवा चारा घातला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन चालू झालं. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवत ऑइलचं प्रेशर येऊ दिलं, मग प्लग, मग चावी. तिसऱ्यांदा पेटलं. तबेल्यातल्या म्हशींनी माना वळवल्या, मग परत खाली घातल्या.

पहिले पाचशे किलोमीटर आम्ही आरेच्या रस्त्यावरच काढले, बहुतेक पहाटे. गोरेगावच्या बाजूने आत, पिकनिक पॉइंटवरून पवईकडे आणि परत, पन्नासच्या आत. एक्सिलेटर थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, म्हणजे रिंगा बसतात. नंतर एका सकाळी गाडी पूर्ण थंड असताना मेस्त्रींनी टॅपेट कव्हर काढलं आणि हेडचे बोल्ट मधून बाहेर क्रमाने पुन्हा तपासले. बाकीचे जागचे हलले नाहीत. मागच्या कोपऱ्यातला एक पाव फेरी फिरला. त्यांनी त्याच्यावर खडूने खूण केली आणि टॅपेटला फिलर गेज लावायला घेतलं.

इटलीचे चार पिस्टन अजून शेडमध्येच आहेत. एकात मेस्त्री उदबत्ती लावतात.